उद्याच्या तारखेची गाणी

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा तो कुठं ठेवायचा यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी तो आत्याच्या खाटेशेजारी विराजमान झाला, कारण विजेची धड चालणारी बटणं तेवढ्या एका भिंतीवर होती. अमरावतीच्या राजापेठेतलं आमचं घर भाड्याचं, खोल्या एकामागं एक अशा लांबट, आणि मधल्या खोलीत आत्याचं राज्य. ती बाबांची थोरली बहीण. बाबा आणि अकोल्याचे काका, दोघंही तिला बाई म्हणत आणि तिच्यापुढं आवाज चढवत नसत. गणिताचे मास्तर असलेल्या बाबांना त्या यंत्राचं वेड लागलं होतं. काकांना वेड नव्हतं, पण थोरल्या भावानं घेतलं म्हणून त्यांनीही तसाच एक घेऊन जठारपेठेतल्या घरी नेऊन ठेवला. आत्यानं आमच्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं, पुढं नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा एक तुकडा त्याच्या डोक्यावर ठेवला. तो मुंग्या लागेपर्यंत तिथून हलवायची कोणाची हिंमत झाली नाही.

त्या यंत्राला एक खोड होती. सुरू केलं की ते काळ्या पडद्यावर आधी तारीख विचारायचं. आजकालचे फोन स्वतःच सगळं जाणून असतात. माझ्या नातीला मी सांगते की एके काळी कॉम्प्युटरला आज कोणता दिवस आहे ते माणसानं सांगावं लागायचं, तेव्हा ती माझ्याकडं असं बघते की मी डायनासोर पाळत होते. पण होतं तसंच. बंद झालं की घड्याळ चालू ठेवणारा सेलच आमच्या यंत्रात नव्हता. प्रत्येक वेळी ते झोपेतून उठल्यासारखं उठायचं आणि आपण १ जानेवारी १९८० मध्ये आहोत अशी त्याची ठाम समजूत असायची. नुसतं बटण दाबून पुढं गेलं तर त्या दिवशी केलेल्या प्रत्येक फाईलवर तीच तारीख बसायची. बाबांना हे अजिबात खपत नसे. वेळेचं सोडा, ती कोणीच भरत नसे, त्यामुळं आमच्या घरात सगळी कामं मध्यरात्री बारानंतर झाल्याची नोंद व्हायची; पण तारीख खरी हवी म्हणजे हवी. त्यात दिवसातून कितीदा तरी विजेची लाइन जायची. लाइन आली की पुन्हा तोच प्रश्न.

कॅलेंडर टांगलेलं होतं आत्याच्या उशाशी. त्यामुळं बाबा खुर्चीवरून विचारायचे, "बाई, तारीख?" आणि आत्या खाटेवर मेथी निवडता निवडता आधी तिथी सांगायची, मग वार, मग त्या दिवशी कोणती भाजी वर्ज्य ते, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजी तारीख. हळूहळू तिला त्या कामाची गोडी लागली. आकडे तिला येतच होते. महिना आधी, दिवस नंतर, मग साल, हा उलटा क्रम तिनं सुनेला नवऱ्याचं नाव घ्यायला शिकवावं तशा चिकाटीनं स्वतःला शिकवला. सकाळी अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून ती आत यायची, एका बोटानं बटण दाबायची, यंत्र घरघरत जागं व्हायचं आणि ती त्याला दिवस सांगायची. मी कॉलेजातून यायच्या आधी, बाबा शाळेतून यायच्या आधी तिचं हे काम झालेलं असायचं. लाइन जाऊन आली तरी तीच उठायची. आम्ही सगळे आयत्या तारखेवर बसायचो.

ती अमावास्या टाळते हे बाबांना एकदा दिसलं होतं. आषाढी अमावास्येला तिनं दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. बाबांनी विचारलं तर म्हणाली की अमावास्येला जन्मलेली फाईल पुढं त्रास देईल. बाबा हसले आणि गप्प बसले. ते गप्प का बसले हे मला आईनं सांगितलं. आत्याचं लग्न फार घाईत उरकलेलं. मुलाचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या डोळ्यांसमोर कार्य व्हावं म्हणून सगळ्यांच्या सोयीनं एक दिवस ठरवला, आणि तो पितृपक्षातला होता. आत्याला कोणी काही विचारलं नाही. ती तेव्हा चिंचा पाडत होती म्हणे. वर्ष उलटायच्या आत नवरा तापानं गेला आणि ती परत भावांकडं आली. तिनं आयुष्यात सासरला दोष दिला नाही, बापाला दिला नाही, देवालाही नाही. दोष दिला तो त्या तारखेला. त्यामुळं तारखेच्या बाबतीत बाबा तिच्याशी कधीही वाद घालत नसत, मग ते गणिताचे मास्तर का असेनात.

आता गाण्यांकडं येते. आमच्याकडं भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई पाटावर मांडायचे, संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमायच्या, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि मग खिरापत ओळखायची. डबा झाकलेला. आत काय आहे ते गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं असं विचारत विचारत ओळखायचं. ओळखेपर्यंत कोणाला मिळायचं नाही. आमची आई फार पाताळयंत्री, ती एखाद्या दिवशी नुसती फुटाण्यांची डाळ ठेवायची आणि पोरी अर्धा तास पक्वान्नांची नावं घ्यायच्या. गाणी मात्र आत्याची. तिच्याकडं ती इतकी होती की महिनाभर रोज नवं गाणं निघायचं. काकांची रंजू, माझी चुलत बहीण, माझ्याहून जराशी मोठी. तिच्या आईकडं, म्हणजे काकूकडं, कौंडण्यपूरच्या बाजूची वेगळीच गाणी होती. त्या वर्षी रंजूनं ठरवलं की ही सगळी गाणी कॉम्प्युटरवर टाइप करून त्याचं पुस्तक छापायचं.

हौस तर होतीच, पण गोष्ट नुसत्या हौसेची नव्हती. रंजूला घरीच, जठारपेठेत, मुलींसाठी कॉम्प्युटर शिकवायचा क्लास काढायचा होता. काका म्हणत होते की पोरीच्या जातीनं असल्या भानगडीत पडू नये. दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार होते. शेवटी काकूच्या भुणभुणीला कंटाळून काका बोलून गेले की त्या डबड्यातून एक तरी पूर्ण झालेली वस्तू कोजागिरीपर्यंत माझ्या हातात दे, मग क्लास काढ, मी पाहुण्यांना थांबवतो. नाही जमलं तर यंत्र ज्यांनी मागितलंय त्यांना देऊन टाकीन आणि तू निमूट साडी नेसून पोहे घेऊन बाहेर यायचं. काका शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी.

तर काम असं चालायचं. एकच फाईल. तिच्यात मी इकडं आत्याची गाणी घालायची, रंजूनं तिकडं काकूची. फाईल जायची फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी जायची शकीलभाईंबरोबर. शकीलभाई आमच्या शेजारी राहायचे, त्यांचं बांगड्यांचं दुकान, माल आणायला आठवड्यातून एक-दोनदा त्यांची अकोल्याला फेरी असायचीच. त्यांनी पहिल्यांदा ती पातळ चौकोनी वस्तू हातात घेऊन विचारलं होतं की हे फुटतं का. फुटत नाही पण वाकतं, असं मी सांगितल्यावर त्यांनी ती बांगड्यांच्या दोन खोक्यांमध्ये कापडात गुंडाळून ठेवली, आणि मूर्तिजापूरच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे खाऊनही ती नेहमी धड पोचली. बाबांनी या कामासाठी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव ठेवलं गळाभेट. फ्लॉपी घालायची, एक कळ दाबायची. फ्लॉपीवरची फाईल आणि यंत्रातली फाईल, या दोघींत जिची तारीख पुढची ती नवी, ती जुनीच्या जागी जाऊन बसणार. बाबांनी तोच प्रोग्रॅम रंजूलाही पाठवला. आम्हाला काही बघायला नको, काही विचार करायला नको. बाबा त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी स्वतःहून बाजारातून जिलबी आणली.

भुलाबाई बसते भाद्रपदी पौर्णिमेला आणि तिच्यामागोमाग पितृपक्ष लागतो, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. आत्याच्या आलं. गाणी म्हणायला तिची हरकत नव्हती, ती भुलाबाईचीच रीत. पण पुस्तक म्हणजे नवं काम, तेही लग्नाच्या वयाच्या दोन पोरींचं. ते ती पितृपक्षात कसं सुरू होऊ देणार? पण ती कोणाला काही बोलली नाही. पितृपक्षाच्या पहिल्या सकाळी तिनं कॅलेंडर बघितलं, सगळा पंधरवडा बोटानं ओलांडला आणि यंत्राला घटस्थापनेची तारीख दिली. दुसऱ्या दिवशी तीच. तिसऱ्या दिवशीही तीच. आमच्या मधल्या खोलीत पंधरवडाभर घटस्थापना चालू होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

पुढं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या लक्षात यायला मात्र फार वेळ लागला. अकोल्यात काका रोजच्या पेपरावर बघून खरी तारीख घालायचे. रंजूची फाईल आली की गळाभेट तिची तारीख बघायची, माझ्या फाईलवरची घटस्थापना बघायची आणि रंजूच्या फाईलला जुनी ठरवून तिच्यावर माझी चढवायची. तीच फ्लॉपी शकीलभाई परत न्यायचे, आणि तिथं रंजूच्या यंत्रातही तेच व्हायचं. म्हणजे रंजूनं दिवसभर बसून घातलेली गाणी इथंही पुसली जायची आणि तिथंही. मला वाटत होतं, ही बया काहीच काम करत नाही. मी शकीलभाईंजवळ तसं बोललेही, आणि त्यांनी ते मोठ्या सभ्यपणे अकोल्याला पोचवलं. रंजूला पहिल्यांदा वाटलं लाइन गेल्यानं गाणी गेली असतील. तिनं काही पुन्हा घातली, काही नवी घातली. ती सगळी परत गेली तेव्हा मात्र तिचा एकच निष्कर्ष निघाला, की अमरावतीला बसलेली तिची बहीण तिची गाणी पुसून फक्त स्वतःची ठेवते आहे.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी ती शकीलभाईंबरोबर एसटीनं येऊन थडकली. घरात वड्यांचा घाणा चालू होता, खिरीचं पातेलं चुलीवर, आमसुलाच्या कढीला नुकती फोडणी पडलेली. दारात शकीलभाई बांगड्यांची खोकी हातात घेऊन उभे. रंजूनं चप्पलही काढली नाही. "माह्ये गाने काहून पुसून राह्यली तू?" असं विचारताना तिचा आवाज फाटला. मी म्हटलं, मी कशाला पुसू, तूच काही पाठवत नाहीस. मग आम्ही दोघी एकाच वेळी बोलायला लागलो आणि कोणाचंच कोणाला ऐकू येईना. शेवटी ती मटकन खाटेवर बसली आणि रडायला लागली. प्रेसवाल्याला दुसऱ्या दिवशी पानं हवी होती, त्यानंतर नवरात्राच्या कामांत त्याला फुरसत नव्हती. काकू माहेरी, भावजयीच्या बाळंतपणाला गेलेली. काकांनी आदल्या दिवशीच यंत्र मागणाऱ्याला होकार देऊ का म्हणून विचारलं होतं. मला तिचा राग होता तो त्याच क्षणी गेला. आम्ही लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या, आणि ही पोरगी रस्ताभर मी तिचं वाईट केलं असं समजत आली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

बाबांनी चष्मा लावला आणि पडद्यावर फाईलची तारीख काढली. मग कॅलेंडरकडं गेले, परत आले, पुन्हा वाचली. "हे उद्याची तारीख हाय," ते म्हणाले. "उद्याची तारीख कोनं देल्ली?"

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. "म्या देल्ली," ती म्हणाली. "रोज थेच देल्ली. पित्तरपाटात पोरींच्या कामाले हात लावू देऊ काय मी?"

वडे जळायला लागले होते, आईनं धावत जाऊन ते काढले. बाबांनी मग आत्याला समजावून सांगितलं, अगदी हळू, शाळेत ढ मुलाला सांगतात तसं नव्हे, तर मोठ्या बहिणीला सांगावं तसं. यंत्रानं तुझं ऐकलं, बाई. तू आमच्या फाईलला पुढची म्हटलं, त्यानं पोरीचं सगळं काम मागचं धरलं. आत्या ऐकत राहिली. तिनं रंजूकडं पाहिलं. रंजू डोळे पुसत होती आणि तरीही आत्याला म्हणत होती की जाऊ दे आत्या, तुले का मालूम. ते ऐकून आत्याचा चेहरा जो उतरला, तो मला आजही दिसतो. पोरींचं भलं व्हावं म्हणून तिनं एवढा आटापिटा केला होता, आणि पोरीचं आयुष्य अडलं होतं ते नेमकं त्यामुळं.

त्याच वेळी लाइन गेली. आम्ही अंधाऱ्या खोलीत पानं वाढून जेवलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं आणि खीर निवत होती. शकीलभाईंनाही आईनं बसवून घेतलं. गाणी परत जमवायची तर आजच बसावं लागणार होतं, हे सगळ्यांना कळत होतं. रंजूला बरीच पाठ होती. जिथं कडवी तुटत होती, तिथं आत्या भरून काढू शकेल, काकू लग्न होऊन आली तेव्हा तिची गाणी आत्यानंच हौसेनं ऐकली होती. प्रश्न एवढाच होता की आत्या अमावास्येला बसेल का. बाबांनी तोड काढली. म्हणाले, पुस्तक तर उद्याच प्रेसमध्ये जाणार, आजच्या दिवसही उद्याचीच तारीख राहू दे, काही बिघडत नाही, गळाभेटही आज करायची नाही. मीही मान हलवली. आम्ही सगळेच तिला सांभाळून घ्यायला तयार होतो.

दुपारी लाइन आली. यंत्र घरघरलं, पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. खुर्चीवर रंजू होती. तिनं मुकाट्यानं उद्याची तारीख घालायला हात पुढं केला. आत्यानं तो धरला.

"आजची टाक," ती म्हणाली.

रंजू म्हणाली, "आत्या, अमावास्या हाय."

"मले मालूम हाय कोनती हाय ते. हट, मी टाकतो."

तिनं पदराला हात पुसले, कोरडे होते तरी पुसले, आणि एका बोटानं आकडे दाबले. आधी महिना, मग दिवस, मग साल. मला वाटलं ती आता रडेल, पण ती रडली नाही. ती खाटेवर पाय दुमडून बसली आणि गायला लागली. अमावास्येच्या दुपारी, खिडकीबाहेर कावळे वाढलेल्या पानावर भांडत असताना, आमच्या घरात भुलाबाईची गाणी सुरू झाली. रंजू टाइप करायची, तिचे हात दुखले की मी बसायची. एखादं कडवं अडलं की आत्या डोळे मिटून मागच्या कडव्यापासून परत म्हणायची आणि त्या वेगात पुढचं आपोआप निघायचं. एका गाण्यात सासूला करवंदीच्या जाळीत ढकलायचा बेत होता, त्यावर शकीलभाईसुद्धा दारात बसून मनसोक्त हसले. ते त्या दिवशी दुकानात गेलेच नाहीत. मधेच एकदा लाइन गेली. आली तेव्हा आत्या उठून आली आणि कोणी काही विचारायच्या आत पुन्हा तीच आजची तारीख घातली, या वेळी पदराला हात न पुसता.

पुस्तक झालं. फार देखणं नव्हतं. काही ठिकाणी वेलांट्या अक्षरांपासून फटकून वागत होत्या. कोजागिरीला आम्ही सगळे जठारपेठेत जमलो. जोंधळ्याची धांडं उभी करून त्यांच्या खोपीत भुलाबाई बसवलेली, पोरींचा गोंगाट, प्रत्येकीच्या हातात पुस्तक, आणि तरी कोणी पुस्तकात बघत नव्हतं, कारण गाणी पाठच होती. काकांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, शेवटच्या पानावर रंजूचं नाव छापलेलं होतं तिथं जरा थांबले, आणि माळ्यावरून एक जुनं बाकडं क्लाससाठी काढून ठेवायला सांगितलं. शब्दाचे पक्के होते, हे मी सांगितलंच. मग नेहमीच्या सवयीनं ते आत्याजवळ येऊन बसले. ती दुधात चारोळ्या टाकत होती.

"बाई," काका म्हणाले, "चांगला मुहूर्त पाह्य एखादा. क्लास सुरू करू."

आत्यानं चमचा खाली ठेवला. घरात लग्न असो, मुंज असो, विहीर खणायची असो, दिवस तिच्याकडूनच निघायचा. पोरी गायच्या थांबल्या नव्हत्या, पण आम्ही घरचे सगळे ऐकायला लागलो.

"मले कायले इचारतं?" ती म्हणाली. "पोरीले इचार, तिले कधी जमते ते. कोनी तरी तिले इचारा."

काकांनी रंजूकडं पाहिलं. तिनं एकदा आत्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाली, "सोमवारी."

सोमवारी क्लास सुरू झाला. त्या दिवशी तिथी कोणती होती हे आमच्या घरात आजवर कोणालाही ठाऊक नाही.